खोली भाड्याची, गाडी भाड्याची, जप्ती कुणाची?

या अंकातले प्रश्न कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतून घेतले आहेत. विषय एकच: मानवी तस्करीच्या गुन्ह्यात वापरलेलं घर, लॉज, गाडी, पैसा यांचं पुढे काय होतं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बातमीत 'मालमत्ता सील' एवढे दोन शब्द येतात. प्रत्यक्षात ते चार वेगळे प्रकार असतात: पोलिसांनी पुरावा म्हणून केलेली जप्ती, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी जागा रिकामी करण्याचा दिलेला आदेश, कोर्टाने गुन्ह्याच्या कमाईवर आणलेली टाच, आणि खटला संपल्यावर माल सरकारजमा करणं. प्रत्येकाचा अधिकारी वेगळा, मुदत वेगळी आणि उत्तर देण्याची जागाही वेगळी. बरेच मालक चुकीच्या दारात हेलपाटे घालतात आणि तेवढ्यात खऱ्या नोटिशीची मुदत संपून जाते.

कायदे मुख्यतः तीन आहेत. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६, ज्याला सगळे 'पीटा' म्हणतात. भारतीय न्याय संहितेची कलमं १४३ आणि १४४. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुन्या दंड संहितेची ३७० आणि ३७०-अ लागतात. आणि जप्तीची रीत सांगणारी नागरिक सुरक्षा संहिता.

प्रश्न : राजारामपुरीतला माझा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर दिला होता. पोलिसांनी छापा टाकला, भाडेकरूला अटक झाली, दोन मुलींची सुटका केली. आता प्रांत कार्यालयाची नोटीस आली आहे की जागेवर टाच का आणू नये. फ्लॅट सरकार घेणार का?
— फ्लॅटमालक, राजारामपुरी

नाही, मालकी जात नाही. ही नोटीस पीटाच्या कलम १८ ची आहे. या कलमाखाली जास्तीत जास्त दोन गोष्टी होतात. आदेशापासून सात दिवसांत जागेत राहणाऱ्याला बाहेर काढलं जातं. आणि पुढचं एक वर्ष ती जागा भाड्याने द्यायची तर आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. छाप्यात सापडलेली मुलगी बालक किंवा अल्पवयीन असेल तर हाच काळ तीन वर्षांचा होतो. मुलींच्या वयाचा दाखला किंवा वैद्यकीय अहवाल काय सांगतो, हे म्हणून आधी विचारून घ्या. तुमच्या जागेचं एक वर्ष की तीन, ते त्यावर ठरणार आहे.

उत्तराची मुदत नोटीस हातात पडल्यापासून सात दिवस. पाकिटावरची किंवा पोचपावतीवरची तारीख लिहून ठेवा. आपल्याकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे हा अधिकार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे आहे. पोलीस ठाण्यात जाऊन 'साहेब, माझा काही संबंध नाही' असं दहा वेळा सांगितलं तरी ते नोटिशीचं उत्तर होत नाही. उत्तर लेखी द्यायचं, प्रांत कार्यालयाच्या आवक शाखेत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा.

उत्तरात काय असावं? कायद्याला दोन गोष्टी सिद्ध झालेल्या हव्यात: जागा कुंटणखाना म्हणून चालत होती, आणि ती प्रार्थनास्थळ, शाळा-कॉलेज, वसतिगृह, हॉस्पिटल, नर्सिंग होम किंवा अधिसूचित सार्वजनिक जागेपासून २०० मीटरच्या आत आहे. राजारामपुरीत प्रत्येक गल्लीत एखादं क्लिनिक नाहीतर क्लास आहे, तेव्हा अंतरावरून सुटका होईल या भरवशावर राहू नका. तरी पंचनामा वाचा. 'अंदाजे १५० मीटर' एवढंच लिहिलं असेल, कुठून कुठपर्यंत आणि कशाने मोजलं हे नसेल, तर तो मुद्दा नोंदवून ठेवा. खाजगी क्लास म्हणजे शैक्षणिक संस्था का, हाही वादाचा मुद्दा होऊ शकतो.

खरा जोर मात्र तिसऱ्या मुद्द्यावर द्यायचा. मालकाला गैरवापराची कल्पना नव्हती असं दंडाधिकाऱ्यांना पटलं, तर जागा मालकाला परत देता येते; अट एवढीच की त्याच माणसाला किंवा त्याच्या फायद्यासाठी ती पुन्हा द्यायची नाही. हे पटवायला कागद लागतो. नोंदणीकृत भाडेकरार, भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पोच, भाडं बँकेत जमा झाल्याचे उतारे, सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार. सोसायटीने 'तुमच्या फ्लॅटवर रात्री-अपरात्री माणसं येतात' असं लेखी कळवलं असेल आणि तुम्ही त्यावर काहीच केलं नसेल, तर तोच कागद तुमच्या विरोधात जातो. आणि तो कागद सोसायटीच्या फाइलला असतो, हे धरून चाला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. शंभर रुपयांच्या स्टँपवर नोटरी केलेला करार इथे मालकाला फार वाचवत नाही. भाडं रोखीत घेत असाल तर आणखी अडचण.

पीटाच्या कलम ३ मध्ये एक बारीक तरतूद आहे, तिकडे मालकांचं लक्ष जात नाही. छाप्यात जागा देहविक्रीसाठी वापरली जात असल्याचं आढळलं अशी बातमी तुमच्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात आली, किंवा छाप्यात सापडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत तुम्हाला मिळाली, की तुम्हाला माहिती होती असं कायदा गृहीत धरतो. खोटं ठरवायची जबाबदारी तुमच्यावर. थोडक्यात, छाप्यानंतर 'भाडेकरू जामिनावर सुटला, करार अजून चार महिने आहे, राहू दे' असं म्हणणं सर्वांत धोक्याचं. आदेश झाला की करार आपोआप रद्द होतो. आदेश नसेल तरी तुम्ही स्वतः नोटीस देऊन जागा परत मागा.

आदेश विरुद्ध गेला तर? कलम १८ च्या आदेशावर अपील नाही आणि इतर न्यायालयांना स्थगिती देता येत नाही, असं कायदा म्हणतो. उरतो तो उच्च न्यायालयाचा घटनात्मक अधिकार. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे येतात.

फौजदारी बाजू वेगळी चालते. माहीत असून जागा दिल्याचं सिद्ध झालं तर मालकाला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दंडाचा आकडा १९५६ च्या मापाचा आहे. आज तेवढ्यात महिन्याचा मेंटेनन्सही भागत नाही. मालकाला खरी झळ लागते ती वर्ष-तीन वर्षं जागा अडकण्याची.

प्रश्न : माझी सात सीटर टुरिस्ट गाडी आहे. ड्रायव्हरने भाडं घेतलं, निपाणीकडून येताना कागल पोलिसांनी अडवलं. गाडीत दोन मुली होत्या, तस्करीचा गुन्हा दाखल झाला. मी आरोपी नाही. गाडी ठाण्याच्या आवारात उन्हात उभी आहे, हप्ता चालू आहे. कधी सुटेल?
— गाडीमालक, कागल

अमली पदार्थांच्या कायद्यात गुन्ह्यात वापरलेली गाडी सरकारजमा करण्याचं स्वतंत्र कलम आहे आणि आपल्याला कल्पना नव्हती, आपण काळजी घेतली होती, हे तिथे मालकाने सिद्ध करायचं असतं. पीटात किंवा कलम १४३ मध्ये गाडीसाठी तसं कलम नाही. इथे गाडी मुद्देमाल म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या सर्वसाधारण तरतुदींखाली जप्त होते. खटला चालू असताना ती सुपुर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, मिळू शकते. खटला संपल्यावर कलम ४९८ प्रमाणे 'गुन्ह्यात वापरलेली वस्तू' म्हणून ती नष्ट करायची, सरकारजमा करायची की हक्कदाराला द्यायची, हे कोर्ट ठरवतं. म्हणजे आज सुटलेली गाडी कायमची सुटली असं नाही.

अर्ज कलम ४९७ आणि ५०३ खाली करायचा. गुन्हा कागल ठाण्याचा असेल तर अर्ज कागलच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मुलगी अठरा वर्षांखालची असून पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागला असेल तर विशेष न्यायालयात. वकील कुठलाही असो, आधी एफआयआरची कलमं बघून न्यायालय ठरवायला सांगा. चुकीच्या न्यायालयात अर्ज गेला की तीन तारखा फुकट जातात.

सोबत लागतं ते: आरसी बुक, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी, मालकाचं आधार, ड्रायव्हरचा परवाना, आणि हप्ता चालू असेल तर फायनान्स कंपनीचं पत्र. शिवाय तुम्ही अनभिज्ञ होता हे दाखवणारं जे असेल ते: बुकिंगचा मेसेज, ड्युटी स्लिप, ड्रायव्हरशी केलेला करार, जीपीएसचा नकाशा, फास्टॅगचा उतारा. कोगनोळी नाका ओलांडल्याची वेळ फास्टॅगवर मिनिटासकट असते. ड्रायव्हरने फोनवर सांगितलेली वेळ आणि ही वेळ जुळली तर उपयोग, नाही जुळली तर वकिलाला आधीच सांगा. सरकारी वकील तो उतारा मागवणारच.

अर्ज दाखल झाला की कोर्ट तपास अंमलदार आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. इथेच बहुतेक वेळ जातो. म्हणणं येत नसेल तर प्रत्येक तारखेला ते रोजनाम्यात नोंदवून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली गुजरातच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की जप्त वस्तू ठाण्यात पडून सडू देऊ नयेत, फार तर पंधरा दिवस ते महिना, आणि गाड्या योग्य बंधपत्र व हमी घेऊन सोडाव्यात. नव्या संहितेत आणखी भर आहे: माल कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचं विवरण तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा किंवा परतीचा आदेश द्यायचा. तो फोटो खटल्यात पुरावा म्हणून चालतो. त्यामुळे 'पुराव्यासाठी गाडीच लागेल' हे म्हणणं आता पूर्वीइतकं टिकत नाही.

अर्ज फेटाळले जातात ते बहुधा साध्या कारणांनी. गाडी विकत घेतली पण आरसी आधीच्या मालकाच्या नावावरच आहे. अर्ज ड्रायव्हरने केला आहे. विमा संपलेला आहे. जामीनदाराचा सातबारा जुना आहे आणि ऐपतीचा दाखला नाही. किंवा ड्रायव्हरवर याआधी असाच गुन्हा आहे आणि मालकाने त्याला तरी कामावर ठेवलं, हे पोलिसांनी कोर्टाला दाखवलं. शेवटचं कारण सोडलं तर बाकीची चार दुरुस्त करता येतात.

गाडी ताब्यात घेताना जप्ती पंचनाम्याची प्रत हातात ठेवून एकेक बाब तपासा: इंजिन नंबर, चेसिस नंबर, किलोमीटरचा आकडा, बॅटरीचा मेक, स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टीम, टायर किती झिजलेले. पंचनाम्यात स्टेपनी असेल आणि डिकीत नसेल तर सही करण्यापूर्वी पावतीवर तसं लिहा. नंतर कुणी ऐकत नाही. सुपुर्तनाम्याच्या अटींमध्ये गाडी न विकणं, रंग किंवा रूप न बदलणं आणि कोर्ट सांगेल तेव्हा हजर करणं हे असतंच. पावसात गाडी अपघातात गेली तर लगेच कोर्टाला लेखी कळवा, नाहीतर बंधपत्राची रक्कम भरायची वेळ येते.

अर्ज नामंजूर झाला तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण, तिथेही नाही जमलं तर सर्किट बेंच.

प्रश्न : मध्यवर्ती बसस्थानकाजवळ आमचं लॉज आहे. एका खोलीत असा प्रकार सापडला तर अख्खं लॉज बंद करता येतं का?
— लॉजचालक, शाहूपुरी

परवाना निलंबित होऊ शकतो. पीटाच्या कलम ७ प्रमाणे हॉटेलचा परवाना कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष निलंबित करता येतो. प्रकरण बालकाचं किंवा अल्पवयीन मुलीचं असेल तर रद्दही. या कलमातला दंड दोनशे रुपये आहे, वाचून हसू येईल. पण दिवाळीच्या हंगामात किंवा अंबाबाईच्या नवरात्रात तीन महिने खोल्या बंद म्हणजे काय ते तुम्हालाच ठाऊक. याशिवाय कलम १८ ची नोटीस वेगळी. व्याख्येप्रमाणे 'कुंटणखाना' म्हणजे घर, खोली, वाहन, जागा किंवा तिचा कोणताही भाग. त्यामुळे 'एकच खोली होती' हा पूर्ण बचाव नाही; मात्र आदेश त्या भागापुरता असावा, सगळ्या इमारतीवर नको, अशी मागणी जरूर करा.

व्यवस्थापकाने करायच्या गोष्टी: प्रत्येक पाहुण्याचं मूळ ओळखपत्र पाहून प्रत ठेवायची, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. सोबतची मुलगी लहान दिसत असेल तर वयाचा पुरावा मागायचा. नसेल तर खोली द्यायची नाही आणि १०९८ किंवा ११२ ला फोन करायचा. एकाच माणसाच्या नावावर रोज खोली आणि दर दोन तासांनी वेगळी माणसं वर जात असतील, तर काउंटरवरच्या पोऱ्यालाही ते कळतं. कोर्टात 'मॅनेजरला माहीत नव्हतं' हे कुणी मान्य करत नाही. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला चोवीस तासांत कळवायची.

सीसीटीव्हीचं चित्रण डीव्हीआरमध्ये काही दिवसांनी नव्याखाली पुसलं जातं. छापा पडला त्याच दिवशी त्या तारखांचं चित्रण वेगळं काढून ठेवा, पण मूळ डीव्हीआरला हात लावू नका. कोर्टात ते चालण्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. नोंदवही छाप्यानंतर 'पूर्ण' करत बसू नका. एकाच शाईत एकाच हाताने लिहिलेली पंधरा दिवसांची पानं कुणालाही ओळखू येतात.

प्रश्न : छाप्यात मला 'पीडित' म्हणून सोडवलं, पण माझी पेटी, त्यातले साठवलेले पैसे, सोन्याच्या बांगड्या आणि मोबाइल पोलिसांनी नेले. ते परत मिळतील का? मी आरोपी नाही.
— एक भगिनी, कोल्हापूर

मिळायला हवेत. त्यासाठी तुम्हीच अर्ज करायचा आहे, कुणी आपणहून आणून देत नाही.

छाप्यात पोलीस डमी गिऱ्हाइकाला नंबर टिपलेल्या नोटा देऊन पाठवतात. पुरावा असतो तो त्या नोटांचा. तुमच्या पेटीतली बाकीची रक्कम ही कुंटणखाना चालवणाऱ्याची कमाई आहे, असं म्हणायचं तर त्याला आधार लागतो. जप्तीच्या यादीत तुमच्या रकमेपुढे काय लिहिलंय ते आधी पाहा: 'पीडितेच्या पेटीतून' की 'घटनास्थळावरून'. दुसरं लिहिलं असेल तर पैसे तुमचे हे दाखवावं लागेल. बँकेचा उतारा, भिशीची वही, सराफाची पावती, बांगड्या घातलेला जुना फोटो, ज्यांच्याकडून उसने घेतले त्यांचं प्रतिज्ञापत्र, काहीही चालेल. पावती नाही म्हणून बांगड्यांचा हक्क सोडू नका. दुसरा कुणी त्यांवर हक्क सांगत नसेल तर कोर्ट ते विचारात घेतं.

पीटाच्या कलम १५ प्रमाणे झडतीच्या वेळी त्या भागातले किमान दोन प्रतिष्ठित पंच हवेत, त्यातली एक महिला, आणि पोलीस पथकात किमान दोन महिला पोलीस. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं असतं. वस्तू यादीत नसतील तर हेच चित्रीकरण मागवण्याचा अर्ज वकिलामार्फत करा.

मोबाइल तपासासाठी प्रयोगशाळेत गेला असेल तर वेळ लागतो. त्यातले नंबर आणि कागदपत्रांचे फोटो तुम्हाला लागणार असतील तर तेवढ्यांच्या प्रती मागता येतात.

वकिलाचा खर्च नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि मानवी तस्करीच्या पीडित व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील आहे. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितलंय की सज्ञान बाईने स्वेच्छेने देहविक्री करणं हा गुन्हा नाही, कुंटणखाना चालवणं हा गुन्हा आहे, आणि छाप्यात अशा बाईला अटक किंवा त्रास होऊ नये. तुमच्या वस्तूंकडे बघतानाही हाच फरक लागू पडतो.

प्रश्न : पोलिसांना घर, जमीन जप्त करण्याचा अधिकार आहे का? आणि ईडी कधी येते?
— विधी शाखेचा विद्यार्थी, गडहिंग्लज

पोलिसांना थेट नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरवलं की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मधल्या 'कोणतीही मालमत्ता' या शब्दांत स्थावर येत नाही. आता त्याच जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ आहे. कागदपत्रं पोलीस घेऊ शकतात, खोलीला पुराव्यासाठी तात्पुरता पंचनामा करून कुलूप लावू शकतात, पण घर 'जप्त' करून ठेवणं त्यांच्या हातात नाही.

त्यासाठी याच संहितेत कलम १०७ आलं आहे. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता आहे असं तपास अधिकाऱ्याला वाटलं तर पोलीस अधीक्षकांच्या मंजुरीने तो न्यायालयाकडे टाच मागतो. न्यायालय चौदा दिवसांची कारणे दाखवा नोटीस देतं. नोटीस दिल्याने माल गायब होईल असं वाटलं तर आधी एकतर्फी अंतरिम आदेश. लक्षात घ्या, १०७ हे गुन्ह्याच्या कमाईसाठी आहे. वडिलोपार्जित घरात कुणी कुंटणखाना चालवला तर ते घर गुन्ह्यात वापरलं गेलं, गुन्ह्यातून कमावलं नाही. हा फरक आपल्या कायद्यातली मोठी फट आहे. वापरलेल्या जागेला फक्त कलम १८ चं वर्ष-तीन वर्षांचं बंधन. मालक दोषी ठरला तरी जागा त्याचीच.

ईडी मनी लाँडरिंग कायद्याखाली येते. त्याच्या अनुसूचीत पीटाची कलमं ५, ६, ८ आणि ९ आहेत. तात्पुरती टाच १८० दिवस टिकते, ३० दिवसांत निर्णय प्राधिकरणाकडे तक्रार करावी लागते, प्राधिकरणाच्या आदेशावर ४५ दिवसांत अपील. मोक्काचं (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) कलम २० टोळीसाठी. त्याला आधीच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं लागतात, त्यामुळे एका फ्लॅटच्या प्रकरणात तो सहसा टिकत नाही.

इंग्लंडमध्ये २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यात तस्करीत वापरलेलं वाहन, जहाज, विमान सरकारजमा करण्याची सरळ तरतूद आहे. आपल्याकडे २०१८ च्या तस्करी विधेयकात मालमत्ता जप्तीच्या तरतुदी होत्या. लोकसभेने ते मंजूर केलं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बाद झालं. परीक्षेत विचारलं तर एवढं पुरे.

प्रश्न : वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीत डांबून ठेवलेल्या मजुरांच्या बाबतीतही हे लागू होतं का?
— शिरोळ

पीटा लागू होत नाही, तो लैंगिक शोषणापुरता आहे. कलम १८ ची नोटीसही तिथे नाही. न्याय संहितेचं कलम १४३ मात्र लागतं. शोषणात गुलामगिरी, गुलामीसारखी वागणूक, नव्या संहितेत भीक मागायला लावणंही येतं, आणि मजुराने होकार दिला होता हा बचाव चालत नाही. उचल देऊन अडकवलं असेल तर १९७६ चा वेठबिगार कायदाही लागतो. त्याप्रमाणे उचलीचं देणंच संपतं, गहाण टाकलेली मजुराची चीजवस्तू मोकळी होते आणि सुटका झालेल्या मजुराला राहत्या झोपडीतून काढता येत नाही. सुटकेचा दाखला प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्या, तहसीलमधून नको, आणि ट्रॅक्टर, कागद, कोऱ्या चेकची यादी एफआयआरमध्येच नोंदवा.

प्रश्न : तस्कराच्या पैशातून पीडित मुलींना काही मिळतं का?
— सामाजिक कार्यकर्ती, इचलकरंजी

मार्ग आहे, वापर कमी होतो. कलम १०७ खालची मालमत्ता गुन्ह्याची कमाई ठरली तर कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना ती नुकसान झालेल्यांना प्रमाणात वाटायला सांगतं, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ते साठ दिवसांत करायचं असतं. मागणारं कुणी नसेल किंवा काही उरलं तर ते सरकारजमा.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, तपास अधिकारी १०७ चा अर्जच करत नाही, कारण पैशाचा माग काढायला वेळ नसतो. म्हणून जबाबाच्या वेळीच मुलीकडून विचारून घ्या: पैसे कुणाच्या यूपीआयवर जायचे, खोलीचं भाडं कोण द्यायचं, कुणाच्या नावावर गाडी घेतली, गावाकडे कुणाचं घर बांधलं. ही माहिती घेऊन पोलीस अधीक्षकांना १०७ खाली कारवाईची लेखी विनंती करा. दोन, वाटपाच्या वेळी मुलगी सापडत नाही. सुटका झाल्यावर ती बंगालला, कर्नाटकात, बांगलादेशात परत जाते, नोटीस रिकाम्या पत्त्यावर येते. तिच्या नावाचं बँक खातं, विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाचं वकीलपत्र आणि दुसरा संपर्क पत्ता हे तिन्ही कोर्टाच्या रेकॉर्डवर आधीच ठेवा.

१०७ वर थांबून राहू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली राज्याच्या भरपाई योजनेतून मागणी आरोपी सापडला नसला तरी करता येते. दोन्ही अर्ज एकाच वेळी द्यायला हरकत नाही.

प्रश्न : भावाच्या गुन्ह्यात माझं बचत खातं गोठवलं. मी फक्त त्याचे सात हजार रुपये घेतले होते.
— उजळाईवाडी

बँकेकडून पत्राची प्रत घ्या: कुठल्या ठाण्याचं, कुठला गुन्हा क्रमांक, कुठलं कलम. १०६ खाली खातं गोठवलं असेल तर पोलिसांनी लगेच दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. कळवलं का, हे कोर्टाच्या कचेरीत विचारा. मग त्याच न्यायालयात अर्ज करा की वादातली रक्कम सात हजार आहे, तेवढ्यावर रोख ठेवून बाकीचं खातं मोकळं करावं. सोबत सहा महिन्यांचा उतारा आणि पगाराची स्लिप जोडा. तपासाला सहकार्य करतो असं एक ओळीचं निवेदनही द्या, आणि ते सात हजार कशाचे होते हे खरं सांगा. उसनवारी असेल तर उसनवारीच म्हणा.